शब्दांत सांगता येत नाही, तर मग दीड तास काय सांगत होतात?

तलावपाळीकर (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न खोचक वाटेल, पण मनापासून विचारतोय.

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीत दर रविवारी संध्याकाळी सहा ते साडेसात एक छोटा वर्ग चालतो. दहा-बारा डोकी, सतरंजी, एक कुरकुरणारा पंखा आणि शेवटी सुंठ घातलेला चहा. निरूपण अप्पा करतात. बँकेतून निवृत्त, आवाज खणखणीत, पाठांतर जबरदस्त. दिवाळीनंतर ज्ञानेश्वरांचा 'अमृतानुभव' घेतलाय. मी आईला सोबत म्हणून जायला लागलो आणि मग गोडी लागली. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर 'चुका काढायलाच जातोस का' असं कोणीतरी विचारणारच.

गेल्या रविवारी सहावं प्रकरण सुरू झालं. शब्दखंडन. माझी मुलगी आठवीत आहे, ती कंटाळून वहीत काहीतरी खरडत होती. घरी आल्यावर तिनं वही पुढे केली. अप्पा 'हे शब्दांत सांगता येत नाही' असं किती वेळा म्हणाले त्याच्या नोंदी होत्या. चौदा! प्रत्येक नोंदीपुढे वेळ, आणि त्याआधी काय चाललं होतं तेही. (नोंदी ठेवण्यात ती आईवर गेली आहे.)

हसून झालं, पण रात्री डोक्यात किडा वळवळायला लागला. जे सांगताच येत नाही त्यासाठी ज्ञानेश्वरीत नऊ हजारांवर ओव्या, वर अमृतानुभवाच्या आठशेच्या आसपास, शिवाय अभंग. समर्थांचा दासबोध वीस दशकांचा. उपनिषदं, त्यांवर भाष्यं, भाष्यांवर टीका. इतका शब्दांचा डोंगर कशापायी? आणि दुसरं असं की, 'सांगता येत नाही' ही भाषेची मर्यादा की सांगणाऱ्याची?

विद्वानांनी आणि अविद्वानांनी दोघांनीही लिहावं.

पावशेर

पहिला! मुका आणि गूळ कोण आणतंय तेवढं बघायला बसलोय.

वाशीचे_दादासाहेब

धागाकर्त्यांनी चांगला विषय मांडला आहे. मुक्याने गूळ खाल्ला तर त्याला गोडी कळते, पण सांगता येत नाही. ब्रह्मानुभवाचे तसेच आहे. यात वाद घालण्यासारखे काही नाही.

पावशेर

धन्यवाद दादासाहेब. चार मिनिटं लागली. आता हापूस आंबा शिल्लक आहे.

निरूपणी

दादासाहेब, गुळाच्या दृष्टांतात मला एक अडचण वाटते. त्यात मर्यादा मुक्याची आहे, भाषेची नाही. शेजारी बोलणारा बसला असता तर त्याने 'गोड आहे' असं सांगितलंच असतं. उपनिषदाचं म्हणणं याहून कडक आहे.

तैत्तिरीयातलं वाक्य बहुतेकांच्या ओळखीचं असेल: 'यतो वाचो निवर्तन्ते अप्राप्य मनसा सह'. जिथून वाणी मनासकट, न पोचता, परत फिरते. एरवी आपण एवढ्यावरच थांबतो. पण 'निवर्तन्ते' या क्रियापदाकडे नीट बघा. परत फिरायचं तर आधी जावं लागतं. जी वाणी घरातून निघालीच नाही, ती परत कशी येणार? म्हणजे वाणीने तिथवर जाऊन यावं अशी अपेक्षा त्या वाक्यातच आहे. शिवाय पुढचं वाक्य लोक सोडून देतात. तो आनंद जाणणारा कशाला भीत नाही, असं लगेच म्हटलंय. वाणी परत फिरल्यावरही उपनिषद गप्प बसत नाही.

तलावपाळीकर, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे. डोंगर चढल्याशिवाय पलीकडे काय आहे ते दिसत नाही, म्हणून एवढ्या ओव्या.

चौथी_सीट

निरूपणीताई, रोज ठाणे-वाशी लोकलने जाणाऱ्याला हे लगेच पटलं. वाशीहून निघालेली गाडी ठाण्याला येते आणि परत फिरते. म्हणून ठाण्याच्या पुढे गावच नाही असं थोडंच आहे? पण घोडबंदरला राहणाऱ्याने डब्यातच बसून राहायचं ठरवलं तर तो पुन्हा ऐरोलीला पोचतो. सध्या आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच साधकांची हीच अवस्था आहे. बसून राहतात आणि म्हणतात प्रवास चालू आहे.

पावशेर

आणि ठाण्याला उतरून घोडबंदरला पोचायला लागणारा वेळ हा खरोखर शब्दांत सांगता येत नाही.

खडा_सवाल

नेहमीप्रमाणे दृष्टांतावर दृष्टांत चालू झाले. गूळ, लोकल, डोंगर. मी सरळ विचारतो. एखादी गोष्ट सांगता येत नाही, दाखवता येत नाही, तपासता येत नाही. मग ती आहे हे तुम्हाला कशावरून कळलं? 'मला आला अनुभव' याच्या पुढे काही आहे का? माझ्या एका नातेवाइकांना त्यांच्या गुरूने वीस वर्षं 'तुला अजून कळायचं नाही' या एका वाक्यावर फिरवलं. दक्षिणा मात्र शब्दांत सांगता येत होती, आकड्यासकट.

तुकोबांनीच म्हटलंय ना, 'बोलाचीच कढी बोलाचाचि भात, जेवुनियां तृप्त कोण जाला'. मी तेच म्हणतोय.

तलावपाळीकर

खडा_सवाल, तुमचा राग कळतो. पण तुकोबांची ओळ तुमच्या बाजूची नाही हो. कढी-भात खरोखर असतो, नुसत्या बोलण्याने पोट भरत नाही, असं ते म्हणताहेत. कढी नसतेच असं नाही.

खडा_सवाल

बरं, कढी असते. मग वाढा!

निळी_वही

ऐरोलीहून लिहितेय. या धाग्यावर 'मौन' म्हटलं की सगळे एकाच पोत्यात भरताहेत, म्हणून थोडं लांबवते.

भगवान बुद्धही काही प्रश्नांवर गप्प राहिले. जग शाश्वत आहे की अशाश्वत, जीव आणि शरीर एक की वेगळे, तथागत मृत्यूनंतर असतो की नसतो. मालुंक्यपुत्त नावाचा भिक्खू हट्टाला पेटला, की याची उत्तरं मिळेपर्यंत मी साधना करणार नाही. तेव्हा बुद्धांनी बाण लागलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. विषारी बाण रुतलाय, वैद्य समोर आहे, आणि हा म्हणतोय, बाण मारणारा कोणत्या कुळाचा, उंच की बुटका, धनुष्य कशाचं, पिसं कोणत्या पक्ष्याची ते सांगा, मगच बाण काढू देईन. मरेल तो.

यात गूढ काही नाही. सांगता येत नाही म्हणून बुद्ध गप्प नव्हते. त्या उत्तरांनी दुःख कमी होत नाही म्हणून ते गप्प होते. दुःख काय, ते कशाने येतं, कसं जातं, हे त्यांनी पंचेचाळीस वर्षं पायी फिरून, साध्या लोकांच्या भाषेत, न कंटाळता सांगितलं. माझे आजोबा गिरणीत होते. १९५६ नंतर घरात जे बदललं ते त्यांना शब्दांत सांगता येत होतं आणि ते सांगायचे. जे बोलायला हवं त्यावर 'शब्दातीत' म्हणून पडदा टाकायचा, ही चैन सगळ्यांना परवडत नाही.

निरूपणी

निळी_वही, हा फरक फार महत्त्वाचा. मी सुद्धा एका पोत्यात भरत होते, खरं आहे.

खडा_सवाल

निळी_वही +१. पहिला प्रतिसाद ज्याच्यात बाण होता आणि तो लागला.

निमूट

.

पावशेर

वर निमूट यांनी दिलेलं टिंब हा या धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद आहे. विषय संपला, चहा घ्या.

वाशीचे_दादासाहेब

बिंदू हे परावाणीचे, म्हणजे वाणीच्या सर्वांत आतल्या पातळीचे, प्रतीक आहे. निमूट यांचा अधिकार मोठा दिसतो.

चौथी_सीट

दादासाहेब, मला वाटतं त्यांचा अंगठा लागलाय.

खारफुटी

नेरूळहून. माझा अनुभव लिहिते, तत्त्वज्ञान नाही.

मागच्या पावसाळ्यात बेलापूरला पारसिक हिलवरच्या विपश्यना केंद्रात दहा दिवसांचं शिबिर केलं. पहिल्या दिवसापासून आर्य मौन. बोलायचं नाही एवढंच नाही, खुणा नाहीत, नजरानजर नाही. फोन, वही, पेन सगळं जमा. शंका असेल तर तेवढी आचार्यांना विचारायची.

मला वाटलं होतं शांतता मिळेल. पहिले तीन दिवस डोक्यात जेवढी बडबड झाली तेवढी मी आयुष्यात तोंडाने केली नसेल. सासूबाईंना २००९ साली द्यायचं राहिलेलं उत्तर तयार झालं, त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या. तोंड बंद केल्यावर भाषा बंद होत नाही, हे मला तिथे कळलं. सहाव्या-सातव्या दिवशी कधीतरी पहाटेच्या बैठकीत ती बडबड विरळ झाली. पावसाचा आवाज होता, पण 'पाऊस' हा शब्द नव्हता. किती वेळ ते माहीत नाही. 'अरे, शब्द नाहीये' असा शब्द आला आणि खेळ खलास.

दहाव्या दिवशी मौन सुटतं. तुम्हाला वाटेल दहा दिवसांच्या शांततेनंतर बायका हळू आवाजात काहीतरी सखोल बोलतील. अहो, कोळीणवाडा! एकीने दुसरीला विचारलं, तुम्ही ती हिरवी साडी कुठून घेतली, मी चार दिवस विचारायचं म्हणतेय.

त्या पहाटेबद्दल नवऱ्याला सांगायला गेले. तो म्हणाला, म्हणजे डुलकी लागली होती. तेव्हापासून मी सांगत नाही. इथे पहिल्यांदा लिहिलं.

आगरी_पोर

बाकी सगला बेस लिवलंय ताई, पन कोळीणवाड्याला नाव ठेवू नका. आमची बाय हलू बोलली तं पापलेट इकल कोन?

खारफुटी

हाहा, माफ करा दादा. कौतुकाने म्हटलं होतं.

स्वरयंत्र

मी वाचा-उपचार करते, ठाण्यातच. विषय अध्यात्माचा आहे, पण माझ्या कामातली एक गोष्ट इथे बसेल असं वाटतं.

पक्षाघातानंतर काही जणांना वाचाघात होतो. मेंदूच्या डाव्या बाजूला भाषेच्या जागा असतात, तिथे इजा झाली की ऐकलेलं बरंचसं कळतं पण शब्द येत नाहीत. १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी ज्या रुग्णावरून हे मांडलं, त्याला 'टॅन' एवढाच आवाज काढता येत असे. विचारा काहीही, उत्तर 'टॅन टॅन'.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक येत. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. त्यांना पाणी हवं असलं तर 'पाणी' म्हणता यायचं नाही. हात पेल्याकडे जायचा, ओठ हलायचे, शब्द नाही. पण मुलीने 'हरि मुखें म्हणा' सुरू केलं की पुढचा हरिपाठ सलग म्हणायचे, स्पष्ट उच्चारांसह. मध्येच थांबवलं तर पुढचा शब्द पुन्हा सापडायचा नाही, सुरुवातीपासून जावं लागायचं. असं बऱ्याच रुग्णांत दिसतं. पाठ असलेलं, तालात बसलेलं, गाणं, आकडे, प्रार्थना, आणि हो, शिव्या, हे शिल्लक राहतं. त्याचाच आधार घेऊन सुरावर बोलायला शिकवण्याची एक पद्धत १९७० च्या दशकात निघाली.

मला सांगायचंय ते वेगळंच. ते गृहस्थ शब्दांच्या पलीकडे गेले होते, अक्षरशः. त्यांना कुठला आनंद नव्हता. शब्द आला नाही की टेबलावर मूठ आपटायचे, डोळ्यांत पाणी यायचं. पहिल्यांदा 'पाणी' म्हणाले त्या दिवशी ती मुलगी बाहेर जाऊन रडली. तेव्हा 'शब्द तोकडे', 'शब्द फोल' वगैरे वाचलं की मी जरा बिचकते. शब्द गेलेला माणूस मी रोज बघते.

तलावपाळीकर

स्वरयंत्र, हे वाचून थांबलो. दहा मिनिटं काही टंकता आलं नाही.

निरूपणी

स्वरयंत्र, आता जे लिहिते ते तुमच्या प्रतिसादाला उत्तर म्हणून नाही, त्याला उत्तर नसतं. पण मला त्यामुळे अमृतानुभवातलं सहावं प्रकरण आठवलं, ज्याच्यावरून हा धागा निघाला.

नाव शब्दखंडन, पण पहिली ओवी शब्दाच्या कौतुकाची आहे:

बाप उपेगी वस्तु शब्दु । स्मरणदानीं प्रसिद्धु ।
अमूर्ताचा विशदु । आरिसा नोहे ॥

काय उपयोगाची वस्तू आहे हा शब्द! आठवण करून देण्यात प्रसिद्ध. ज्याला आकार नाही त्याचा स्वच्छ आरसाच नाही का? पुढे म्हणतात, बघणारा आरशात बघतो यात नवल काय. या आरशामुळे न बघणारा बघणारा होतो. 'पाणी' म्हटल्यावर त्या खोलीत काय झालं ते तुम्ही लिहिलंतच.

मग खंडन कुठे आहे? शब्दाचं काम आठवण देणं. जे विसरलेलं आहे त्याचीच आठवण देता येते. आत्मा स्वतःला कधी विसरलाच नाही, तर शब्द त्याला कशाची आठवण देणार? शब्द अज्ञान घालवतो म्हणावं, तर अज्ञान म्हणून काही खरोखर नाहीच, मग घालवलं काय? म्हणजे शब्द दुबळा आहे असं माउली म्हणत नाहीत. या एका ठिकाणी त्याला काम नाही, एवढंच. चोख कारागिराला ज्या घरात काही मोडलेलंच नाही तिथे बोलावल्यासारखं. 'सांगता येत नाही' आणि 'सांगायला काही उरत नाही' यांत मला फार अंतर वाटतं.

खडा_सवाल

हे मात्र पहिल्यांदा ऐकलं. मान्य करत नाही, पण तर्क स्वच्छ आहे. 'तुला कळायचं नाही' यापेक्षा शंभर पटींनी प्रामाणिक.

अवांतर: विट्गेनश्टाइन या तत्त्वज्ञाने १९२१ साली आलेल्या पुस्तकाचा शेवट असाच केला. ज्याविषयी बोलता येत नाही त्याविषयी गप्प राहावं. आधी असंही म्हणाला की माझी वाक्यं शिडीसारखी वापरा, चढून गेलात की शिडी टाकून द्या. आणि गडी वचनाला जागला. काही वर्षं तत्त्वज्ञान सोडून ऑस्ट्रियातल्या खेड्यांत प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. असे लोक मला चालतात. गप्प राहा म्हणून वर प्रवचनमाला लावणारे चालत नाहीत.

चौथी_सीट

पण १९२९ ला केंब्रिजला परत आलाच की. निवर्तन्ते!

जुना_नगरकर

सध्या कळव्यात, मूळ नगरचा. मौनाचा विषय निघाला आणि मेहेरबाबांचं नाव नाही, असं कसं चालेल? पुण्यात जन्मलेले, आमच्या मेहेराबादला राहिलेले. १० जुलै १९२५ ला मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत. जवळजवळ ४४ वर्षं. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून एकेक अक्षर दाखवत, नंतर तीही सोडली आणि नुसत्या हातांच्या खुणा. अजूनही दर १० जुलैला त्यांचे भक्त दिवसभर मौन पाळतात. माझी आजी पाळायची, आणि त्या एका दिवशी आजोबा घरात शिट्टी वाजवत फिरायचे.

गंमत अशी, की एक अक्षर तोंडाने न बोलणाऱ्या या माणसाच्या मुख्य ग्रंथाचं नाव, मराठीत सांगायचं तर, 'देव बोलतो'. १९५५ सालचा. चांगला जाडजूड आहे.

पावशेर

धागाकर्ते, तुमचे अप्पा फार बरे. चौदाच वेळा म्हणाले.

शुद्धलेखन_मास्तर

धाग्यात तीन ठिकाणी 'निशब्द' वाचले. (शीर्षकात नाही, नशीब.) शुद्ध रूप 'निःशब्द'. विसर्ग हा उच्छ्वास आहे, तो गिळू नये.

चौथी_सीट

मास्तर, शोधलं. धाग्यात 'निशब्द' एकदाही नव्हता. आता आहे, तुमच्यामुळे.

शुद्धलेखन_मास्तर

प्रकाटाआ.

पावशेर

'प्रतिसाद काढून टाकला आहे' हीच खरी नेति नेति. आहे म्हणावं तर नाही, नाही म्हणावं तर नाव दिसतंय.

अभंगवेडी

मी उलट्या बाजूने लिहिणार आहे, कारण सगळे शब्दाच्या मर्यादाच मोजताहेत.

तुकोबा: 'आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें'. आणि शेवट काय? 'तुका म्हणे पाहा शब्दचि हा देव, शब्देंचि गौरव पूजा करूं'. शब्द देवाकडे नेतो असं नाही, शब्दच देव. व्याकरणकार भर्तृहरी तर म्हणतो, शब्दाशिवाय ज्ञानच होत नाही, सगळं जाणणं शब्दात ओवलेलं असतं.

बरं, संतांना भाषा अपुरी वाटली तेव्हा ते हात टेकून बसले का? त्यांनी भाषा वाकवली. मुक्ताई म्हणते, मुंगी उडाली आकाशीं, तिणें गिळिलें सूर्यासी. माउलींचं 'काट्याच्या अणीवर वसले तीन गाव, दोन ओसाड एक वसेचिना'. या ओळींचा सरळ अर्थ लावायला गेलात की डोकं अडकतं. तेच त्यांना हवंय. सरळ वाक्य जिथे पोचत नाही तिथे वाकडं वाक्य पाठवलं. 'शब्देंवीण संवादु, दुजेंवीण अनुवादु' हे सुद्धा शब्दांतच म्हटलंय, आणि काय गोड म्हटलंय!

स्वरयंत्र

अभंगवेडी, भर्तृहरीचं मला पूर्ण पटत नाही. माझ्या रुग्णाला पाणी हवंय हे त्याला पक्कं माहीत असतं. शब्द नसतो, जाणणं असतं.

निरूपणी

भर्तृहरी म्हणेल, वैखरी गेली, पश्यंती शाबूत आहे. आत शब्द आहेच, बाहेर येत नाही. पण हे मी पुस्तकातून म्हणते, तुम्ही समोर बघून म्हणताय. तुमचं वजन जास्त.

आगरी_पोर

आता मी पन लिवतो. घणसोली. प्रमाण भाषेत लिहितो, नायतर मास्तर येतील.

आमच्यात लग्नात धवलारीण लागते. ती धवले गाते तेव्हा एकेक विधी होतो. हळद, मांडव, सगळ्याचे धवले वेगळे. माझी आजी धवलारीण होती, शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. मी कॉलेजात असताना तिला शहाणपणा केला, आजी, यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ तुलाही माहीत नाय. ती म्हणाली, अर्थ माहीत करून काय करू, गायलं की लगीन लागतं.

तुम्ही सगळे विचारताय शब्द सत्य सांगतो का. आजीच्या लेखी शब्द सांगायला नव्हताच, करायला होता. तिच्या शब्दाने दोन माणसं नवराबायको व्हायची. तिला भाषेची मर्यादा विचारली असती तर म्हणाली असती, घसा बसला तर प्रॉब्लेम आहे.

आता आमच्याकडे डीजे असतो. त्याला मर्यादा नाय.

खडा_सवाल

आगरी_पोर, तुमच्या आजीला साष्टांग. (हे माझ्याकडून येणं म्हणजे काय ते इथले जुने लोक जाणतात.)

हिल_नाका

अवांतर होतंय पण डीजेवरून आठवलं. गणपतीत तलावपाळीला...

संपादक

डीजेवर वेगळा धागा आहे. तिथे चारशे प्रतिसाद आहेत. इथे ब्रह्मच राहू दे.

वाशीचे_दादासाहेब

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात एक कथा दिली आहे. बाष्कलीने बाध्वांना ब्रह्म काय ते विचारले. बाध्व गप्प. पुन्हा विचारले, गप्प. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाले, मी सांगतोच आहे, तुला कळत नाही. हा आत्मा उपशांत आहे. मौन हेच उत्तर. यावर काय म्हणणे आहे?

निळी_वही

शेवटी बोलावंच लागलं ना दादासाहेब? नाहीतर बाष्कली अजून तिथेच उभा असता, आणि ही कथा आपल्यापर्यंत आली नसती.

वाशीचे_दादासाहेब

...हे लक्षात आले नव्हते. बरोबर आहे आपले.

गिरगाव_ते_घोडबंदर

निसर्गदत्त महाराज आठवले. खेतवाडीतला पोटमाळा, विडीचं दुकान, आणि बोलणं अस्सल मराठी. समोर परदेशी माणसं, मध्ये दुभाषा. मॉरिस फ्रीडमन यांनी ध्वनिफितींवरून 'आय ॲम दॅट' हे इंग्रजी पुस्तक केलं, १९७३ साली आलं, जगभर गेलं. माझ्या ऑफिसातला एक बंगळुरूचा मुलगा ते इंग्रजीत वाचून भारावला आणि मला विचारत होता की मूळ मराठीत 'आय ॲम' साठी काय म्हणत असतील. मी म्हटलं, 'मी आहे'. तो म्हणाला, एवढंच? मी म्हटलं, 'आहे' कडे लक्ष दे. तर म्हणाला, मराठीत फार साधं वाटतं, इंग्रजीत जास्त गूढ आहे. तेव्हापासून मला शंका आहे, की ज्याला आपण शब्दातीत म्हणतो त्यातलं निम्मं परभाषेचं धुकं असेल. संस्कृत न कळणाऱ्याला संस्कृत असंच वाटतं.

चौथी_सीट

एलआयसीच्या पॉलिसीतली बारीक अक्षरं पण अशीच शब्दातीत वाटतात.

निमूट

क्षमस्व, ते टिंब चुकून पडलं होतं. लोकलमध्ये उभा होतो, अंगठा लागला. पण एवढी चर्चा झाल्यावर काढावंसं वाटेना.

चौथी_सीट

मी म्हटलं होतं!

तलावपाळीकर (धागाकर्ता)

मंडळी, काल रविवार होता. खबर द्यायला आलोय.

वर्ग संपल्यावर चहाच्या वेळी धीर करून अप्पांना सगळं सांगितलं. धागा वाचूनही दाखवला, त्यांचं नाव कुठे नाही याची खात्री देऊन. वाटलं रागावतील. त्यांनी मुलीला म्हटलं, वही आण बघू.

ती धावत जाऊन वही घेऊन आली. अप्पांनी चष्मा लावला आणि बँकेत खातेवही तपासतात तसं, पेन्सिल घेऊन एकेक नोंद बघितली. चहा गार झाला. चार नोंदींपुढे बरोबरची खूण केली. बाकी दहा नोंदींवरून बोट फिरवत म्हणाले, 'या ठिकाणी मला येत नव्हतं, बाळा. कोणीतरी प्रश्न विचारला, उत्तर सुचलं नाही, तर म्हणून टाकलं.' सगळ्यांसमोर. मग आईकडे वळून म्हणाले, 'वहिनी, तुमचा तो अविद्येवरचा प्रश्न मी असाच उडवला, या बघा, सहा चाळीसला. पुढच्या वेळी वाचून येतो.'

मी नंतर त्या चार नोंदी वाचल्या. मुलीने चारही ठिकाणी जवळपास तेच लिहिलंय: 'ओवी म्हटली. मग काही बोलले नाहीत. पंख्याचा आवाज. मग ते वाक्य.' आणि एका नोंदीपुढे, 'इथे आजीने पण मान हलवली.'

निळी_वही, बाणाची गोष्ट अप्पांनी लिहून घेतली. स्वरयंत्र, तुमचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि काही बोलले नाहीत. आगरी_पोर, धवल्यांची एखादी ध्वनिफीत आहे का असं विचारलंय.

पुढच्या रविवारपासून सातवं प्रकरण, अज्ञानखंडन. अप्पा म्हणाले, आख्ख्या ग्रंथात सगळ्यात मोठं तेच.

आगरी_पोर

आजीची कॅसेट आहे एक. चालू होते का बघतो. भाऊबंदात कोणाकडे टेप असेल.

खडा_सवाल

दहा चुका भर सभेत मान्य करणारा वक्ता? पत्ता द्या, रविवारी येतो. श्रद्धा वगैरे काही नाही, प्रश्न विचारायला.

तलावपाळीकर (धागाकर्ता)

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. सहाला या, पंख्याखालची जागा लवकर जाते. वहीत तुमचंही नाव पडेल, तयारीने या.

पावशेर

सगळ्यात मोठं प्रकरण म्हणजे हापूस येईपर्यंत पुरेल.

निमूट

.

(या वेळी मुद्दाम.)